पान एकशे पंचेचाळीस

४ जानेवारी

प्रिय बारके,

तुझं कार्ड परवा आलं. चाळीस दिवसांनी चार ओळी, त्यातली एक माझ्या गुडघ्याला. गुडघा बरा आहे, विचारल्याबद्दल तो आभारी आहे.

त्या अवकाशयानवाल्या कादंबरीचा पहिला अर्धा भाग तुला पाठवून दोन महिने होत आले. दुसरा अर्धा इथे ग्रंथालयातल्या पुस्तकदुरुस्तीच्या खोलीत, माझ्या टेबलावर, खळीच्या डब्याशेजारी पडून आहे. पुढे काय होईल याचा अंदाज तू कळवायचास आणि मगच मी उरलेलं पाठवायचं, हा नियम मी केलेला नाही, बाबांनी केलाय. तू नऊ वर्षांची आणि मी पंधराची, एका रहस्यकथेवरून आपण एकमेकींच्या झिंज्या उपटत होतो, तेव्हा बाबांनी सुरी घेऊन पुस्तकाची शिलाई मधोमध कापली होती, आठवतं ना? पहिला अर्धा आधी मला, मग तुला. आणि 'पुढे काय' ते तू आपल्या डोक्याने सांगितल्याशिवाय दुसरा अर्धा तुझ्या हातात पडायचा नाही. दोघींचं वाचून झालं की बाबा ते पुन्हा असं शिवायचे की ग्रंथालयात कुणाला पत्ता लागायचा नाही. आता बाबांच्या स्टुलावर मी बसते आणि बाद झालेल्या प्रती ग्रंथपाल मला रीतसर घेऊ देतात, एवढाच काय तो फरक.

तुझा अंदाज आला नाही की मला कादंबरी वाचून संपल्यासारखी वाटत नाही. शेवट मला ठाऊक असतो गं, पण तू काय म्हणशील ते ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर मी शेवटासाठी वाचतच नाही.

त्या कादंबरीतला माणूस दुसऱ्या ग्रहावर जातो आणि त्याच्या बायकोचं पत्र पोचायला अकरा वर्षं लागतात. यंत्रांचं मला काडीचं कळलं नाही. तो कुठलीशी कळ दाबतो आणि तीन पानं नुसते दिवे लुकलुकतात, ती मी सरळ उलटली. पण ते पत्र येतं तिथे मी ब्रश हातात धरून रडत बसले आणि डब्यातल्या खळीवर साय धरली. अकरा वर्षांपुढे चाळीस दिवस म्हणजे काहीच नाही म्हणा. मी आपली उगाच कुरकुर करते.

तुझ्या कार्डाची शेवटची ओळ: 'आम्ही दर रविवारी पुस्तकांवर गप्पा मारतो, खूप मजा येते.' आम्ही म्हणजे कोण?

तुझी,
ताई


२१ जानेवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. चांगली तीन पानं आहेत. त्यातली दोन त्या दातांच्या डॉक्टरणीवर खर्च झाली आहेत.

तर तुझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून तिचा दवाखाना, आणि रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून तिथल्या बाकांवर तुम्ही दहा जणी पुस्तकं घेऊन बसता. छान. दात काढायच्या खुर्चीत कोण बसतं? तीच असणार.

ती रहस्यकथा वाचताना साठाव्या पानावर खुनी ओळखते, हे तू दोनदा लिहिलं आहेस. रहस्यकथेत खुनी आधीच ओळखणं म्हणजे ताट वाढून झाल्याबरोबर हात धुवून उठणं. त्यात कसलं आलंय कौतुक? मी मुद्दाम कुणावरच संशय घेत नाही. लेखक ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याच्याकडे बघते, आणि शेवटी फसले की मला आनंद होतो. तूही तशीच होतीस. तू तर एकदा मेलेल्या माणसालाच खुनी ठरवलं होतंस आणि बाबा खुर्चीवरून पडेपर्यंत हसले होते.

तुझा अंदाजही मिळाला. 'आमच्या डॉक्टरना वाटतं, तो पृथ्वीवर परत येणारच नाही.' बारके, तुझ्या अंदाजाच्या पत्रात दुसऱ्या बाईचा अंदाज! बाबा असते तर दुसरा अर्धा भाग दिलाच नसता. आणि वर तो अंदाज बरोबर निघाला, त्यामुळे माझा पारा आणखीच चढला. पाठवलाय तो दुसरा भाग. वाचा दोघी मिळून.

तू विचारतेस मी सध्या काय वाचते. एक ऐतिहासिक आणली होती, सहाशे पानांची. शिवायला आलेल्या पुस्तकावरून लोकांनी ते कुठवर वाचलं हे मला न वाचता कळतं. प्रेमकथा मधोमध मळलेली असते. रहस्यकथेचा कणा शेवटाजवळ मोडतो. ऐतिहासिक कादंबरी चाळीस पानांपर्यंत बोटांनी काळी, पुढे कोरी करकरीत. मी मात्र हट्टाने सगळी वाचली. एवढे घोडे दौडले की माझंच अंग मोडून आलं. पण त्यात एक म्हातारी दासी आहे. राणीची नवी लाडकी दासी येते तेव्हा ही जुनी रोजच्यासारखी केस विंचरते, फक्त त्या दिवशी कंगवा जरा जोरात ओढते. बस, एवढंच. बाकी सगळ्या लढाया एकीकडे आणि तो कंगवा एकीकडे.

मग दोन बहिणींची एक घरगुती कादंबरी काढली. नव्वदाव्या पानावर मिटून ठेवली. त्यातली थोरली समंजस आहे. समंजस थोरली बहीण हा लेखक लोकांचा लाडका प्राणी दिसतो, कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

ती डॉक्टरीण लग्न झालेली आहे का? सहज विचारलं.

ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तर आता तुला माझी आठवण झाली, कारण मिठागराची ती जुनी कादंबरी बाजारात मिळत नाही. बाकीच्या जणींनी कुठून कुठून मिळवली, आणि तुझीच राहिली. पुढच्या महिन्यात त्या कादंबरीवर तू बोलायचं आहेस. उभं राहून. नऊ जणींसमोर. डॉक्टरीण म्हणाली, 'या वेळी तुम्हीच बोला.' तू हे इतक्या आनंदाने लिहिलं आहेस की तुझं अक्षर ओळीवरून वर उडालंय.

माझ्याकडे आहे ती. बाद झालेली, कणा तुटलेली, पण पानं सगळी आहेत.

मग तू लिहितेस, 'ताई, या वेळी अर्धं नको. सगळं एकदम शिवून पाठव. मला एकदा तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत न थांबता वाचायचंय.' मी हे वाक्य चार वेळा वाचलं. न थांबता. म्हणजे इतकी वर्षं तुला थांबावं लागत होतं. मला वाटायचं आपण दोघी मिळून थांबतो.

असो. पाठवते. तू मागितलंस आणि मी दिलं नाही असं कधी झालंय?

ही कादंबरी मी तीनदा वाचली आहे. मिठागराच्या मुकादमाची मुलगी आणि जमीन मोजायला आलेला मोजणीदार. तो साखळी टाकत आगरातून हिंडतो आणि ती बांधावर उभी राहून बघते. पहिल्या वेळी मला तो आवडला होता. दुसऱ्या वेळी ती. या वेळी दोघांचाही राग आला. मधोमध तो तिला काही न सांगता निघून जातो, आणि ती मिठाच्या राशींवर झावळ्या टाकत वाट बघत बसते. सगळं गाव म्हणतं, बिचारी झुरते. मला वाटतं, वाट बघणं हेच तिचं काम झालंय. तिच्याकडून ते काढून घेतलं तर सकाळी उठून करायचं काय, हे तिला कळणार नाही. हे माझं मत आहे. तुझ्या भाषणात वापरलंस तर माझं नाव सांग.

याच लेखकाने पुढे तीच माणसं घेऊन एक खुनाची कादंबरी लिहिली. तीही इथे बाद होऊन आली आहे. दोन्ही पुस्तकं आत्ता टेबलावर शेजारी शेजारी उघडी पडली आहेत. आज दुपारी बसून तुझं शिवून टाकते. ग्रंथपाल म्हणाले, 'बाई, आज फार मन लावून काम चाललंय.' म्हटलं, बहिणीचं आहे.

ताई


२ मार्च

बारके,

पुस्तक पोचलं का? रविवार होऊन गेला ना? भाषण कसं झालं?

इथे विशेष काही नाही. एक भुतांची कादंबरी वाचली, घाबरले नाही. दार कुरकुरलं की त्यातली माणसं किंचाळतात. माझं दार कुरकुरलं तर मी बिजागरीला तेल घालते. एकटीने राहणाऱ्या बाईला भुतं काय घाबरवणार? पोस्टमन दारावरून पुढे निघून जातो, त्याची भीती वाटते.

चार ओळी का होईना, लिही.

ताई


१० मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र आज आलं आणि मी ते दारातच उभ्याने दोनदा वाचलं.

अगं, काय झालं हे! तू लिहितेस की बाकी सगळ्यांच्या पुस्तकात मोजणीदार परत येतो आणि लग्न करतो, आणि तुझ्या पुस्तकात तो पान एकशे पंचेचाळीसवर मिठाच्या राशीत मेलेला सापडतो, आणि पुढे शेवटपर्यंत पोलीस. आणि तू त्याच्यावर पाऊण तास बोललीस. लेखकाने किती धीट वळण घेतलंय, प्रेमकथेची मान कशी पिरगाळली आहे, वगैरे. 'हे कसं झालं ताई?' एवढंच तू विचारलंस. रागावलीही नाहीस.

मी सांगते कसं झालं. त्या दोन कादंबऱ्या, एकच लेखक, माणसं तीच, टाइप तोच, आकार तोच. दोन्हींचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या जुड्या, सुटून टेबलावर पडलेले. मी एकीचे पहिले नऊ फर्मे घेतले आणि पुढचे दुसरीचे उचलले गेले असणार. नऊ फर्मे म्हणजे एकशे चव्वेचाळीस पानं, तिथपासून दुसऱ्या पुस्तकाचा आकडाही जुळत गेला. माणसाच्या हातून होतं गं असं. वय झालं आता माझं. हल्ली दुपारनंतर अक्षरं जरा अंधुकच दिसतात.

तुला वाईट वाटलं असेल. त्या बायका हसल्या का? ती डॉक्टरीण हसली का? हसली असेल तर अशा लोकांत कशाला जायचं? आपलं आपलं वाचावं. तू पुढचा रविवार घरीच थांब, मी तुला एक फार छान कादंबरी पाठवते, पहिला अर्धा भाग.

तुझीच,
ताई


२४ मार्च

प्रिय बारके,

एका लिफाफ्यात दोन पत्रं आली. एक तुझं, एक तुझ्या डॉक्टरणीचं, चिकटवून बंद केलेलं.

तुझं आधी वाचलं. 'ताई, चूक कुणाकडूनही होते, तू मनाला लावून घेऊ नकोस. मला काळजी वाटते ती तुझ्या डोळ्यांची. तुझ्या हातून असं होणं म्हणजे डोळे फारच बिघडले असणार. पाच एप्रिलला मी येते, परतीची दोघींची तिकिटं काढते. इथे दुकानात मी स्वतः तुझे डोळे तपासते. आणि आता नोकरी पुरे. मागची खोली रिकामी आहे, उजेड चांगला येतो. तू आलीस की आपण रोज संध्याकाळी वाचू.'

तू तिकडे गेल्यापासून अकरा वर्षं मी या चार ओळींची वाट बघत होते. मी कधी बोलले नाही, तू कधी विचारलं नाहीस. पत्र वाचून झाल्यावर मी खुर्चीवर चढून माळ्यावरची बॅग काढली. गुडघा दुखलासुद्धा नाही. बॅग पुसली, दोन चादरी ठेवल्या, बाबांचा फोटो ठेवला. ग्रंथपालांना जाऊन सांगितलं की मी बहुतेक नोकरी सोडते. ते म्हणाले, 'बहिणीकडे? नशीबवान आहात.' म्हटलं, आहेच मुळी.

मग घरी येऊन तिचं पत्र उघडलं. अक्षरही चांगलं आहे मेलीचं. आणि सुरुवात 'ताई' म्हणून! हिला ताई म्हणायला कुणी सांगितलं? तिने काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते, कारण ते तुला माहीत नसावं:

'ताई, ही तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. ही बोलायला लागल्यावर पाच मिनिटांत आम्हाला कळलं की काहीतरी घोटाळा आहे. नऊ जणींनी आपापली पुस्तकं उघडून हिला दाखवली. तरी ही मागे हटेना. म्हणाली, तुमची पुस्तकं कुणी शिवली ते मला ठाऊक नाही, माझं माझ्या ताईने शिवलंय. तिच्या हातून पान इकडचं तिकडे होत नाही. तुमच्याच पुस्तकांत काहीतरी चुकलंय. आम्ही हसलो. मीही हसले, त्याची मला लाज वाटते. तरीही ही पूर्ण पाऊण तास बोलली, पुस्तक छातीशी धरून. त्यानंतर दोन रविवार आलेली नाही. तुम्ही सांगितलंत तर येईल.'

बारके, हे पत्र येऊन चार दिवस झाले. चार दिवस मी जेवताना ते ताटाशेजारी ठेवते आणि पुन्हा लिफाफ्यात घालते.

मी तुला खोटं लिहिलं. फर्मे आपोआप उचलले गेले नाहीत.

तू 'न थांबता' म्हणालीस, 'डॉक्टर म्हणाल्या तुम्हीच बोला' म्हणालीस, आणि माझ्या डोक्यात आग झाली. मी आधी दोन्ही पुस्तकांच्या पानांच्या माथ्यावर कादंबरीचं नाव छापलंय का ते पाहिलं. नव्हतं. मग दोन्ही पुस्तकांत दहावा फर्मा नव्या प्रकरणाने सुरू होतो का ते पाहिलं. होत होता. तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायची मला शरम वाटते. खुनाच्या पुस्तकाची पानं दोराभर रुंद होती, ती कापून बरोबर केली. पहिल्या पुस्तकाची पानं जरा पिवळी होती, म्हणून दुसऱ्या पुस्तकाच्या पानांच्या कडांना चहाचं पाणी लावलं. बाबांनी शिकवलेलं सगळं मी त्या दुपारी वापरलं. आयुष्यात इतकं चांगलं पुस्तक मी शिवलेलं नाही.

तुला वाटेल मी त्या बाईची फजिती करायला गेले आणि तू मधे सापडलीस. नाही. तुझीच व्हावी असं मला वाटत होतं. तू तिच्यापुढे तोंडघशी पडावंस, तिने हसावं, तुला तिचा राग यावा आणि तू रडत मला लिहावंस. तू रागावशील, मला दोष देशील, याचीही मी तयारी केली होती. तू माझी बाजू घेऊन नऊ जणींशी भांडशील, हे काही माझ्या अंदाजात नव्हतं. इतकी वर्षं तुझ्याकडून अंदाज मागवले आणि माझाच सपशेल चुकला.

मला तिचा मत्सर वाटतो. अजूनही वाटतो. तिचं पत्र इतकं चांगलं नसतं तर मला हे सोपं गेलं असतं. तू दर रविवारी तिथे बसतेस, कुणी तुझ्या आधी वाचलेलं नसतं, आणि तू बोलतेस ते सगळ्या ऐकतात, याचासुद्धा मत्सर वाटतो. माझ्या घरी तू नेहमी दुसरीच होतीस. मला ते आवडायचं.

सोबत मिठागराचा खरा दुसरा भाग आहे, दहाव्या फर्म्यापासून शेवटपर्यंत. तुझ्याजवळच्या पुस्तकाची शिलाई पान एकशे चव्वेचाळीसनंतर काप. दोरा मधोमध धरून काप, पानं फाटणार नाहीत. अंदाज कळवू नकोस, नुसतं वाच. आणि रविवारी जाऊन त्यांना सांग की पुस्तक तुझ्या बहिणीने मुद्दाम बिघडवलं होतं. माझं नाव सांग. डॉक्टरणीला सांगितलंस तरी चालेल. तिला तर आधी सांग.

हे पत्र पाच तारखेच्या आत तुला मिळावं म्हणून आत्ता, जेवायच्या सुट्टीत, मी स्वतः जाऊन टपालपेटीत टाकते आहे. उशिरा टाकलं असतं तर तू इथे येऊन पोचली असतीस, आणि मग मी काही बोलले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. चादरी काढून ठेवल्या आहेत. बॅग अजून माळ्यावर चढवलेली नाही, तेवढं मला जमलं नाही. पण तिकिटं काढली असशील तर माझं रद्द कर. तू यायचं की नाही ते हे वाचून ठरव.

डोळ्यांची काळजी करू नकोस. मला सगळं लख्ख दिसतं. सुईत दोरा मी अजून पहिल्याच खेपेला ओवते. त्या दुपारीही ओवला होता.

ताई